पात्र मरते तेव्हा: नवख्या डीएमसाठी आणि खेळाडूंसाठी मार्गदर्शन

डन्जन्स अँड ड्रॅगन्स किंवा तत्सम, टेबलाभोवती बसून एकेक पात्र चालवत कथा रचण्याचा खेळ नव्याने सुरू करणारा गट पात्र कसे तयार करायचे, फासे कधी टाकायचे, मंत्र कसे वापरायचे हे सगळे उत्साहाने शिकून घेतो. पात्र मेले तर काय करायचे, हे मात्र ते मेल्यावरच शोधू लागतो. माझ्या पहिल्या मोहिमेत, म्हणजे अनेक बैठकींत चालणाऱ्या पहिल्या कथेत, असेच झाले. पाचव्या बैठकीत एका मैत्रिणीची पॅलाडिन, म्हणजे व्रतस्थ योद्धा असलेले पात्र, पूल अडवून धरताना धारातीर्थी पडली. मी डीएम होते, म्हणजे खेळ चालवण्याची जबाबदारी माझी होती. काय बोलावे ते न सुचल्यामुळे मी घाईघाईने पुढच्या खेळाडूची पाळी पुकारली, आणि ती मैत्रीण उरलेले दोन तास हातात कागद धरून नुसती बसून राहिली. भरल्या ताटावरून एखाद्याला उठवावे, तसे मी तिला खेळातून उठवले होते, आणि हे माझ्या लक्षात आले ते सगळे घरी गेल्यावर.

पुढे दिलेली प्रत्येक सूचना त्या संध्याकाळच्या अनुभवातून आलेली आहे. पात्र मेले तरी ते चालवणाऱ्या माणसाची टेबलावरची जागा जाता कामा नये, एवढा एकच हेतू त्यांच्यामागे आहे. नियमांचे तपशील डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतले आहेत. ती २०१४ मध्ये आली, २०२४ मध्ये सुधारली गेली, आणि इथे सांगितलेल्या बाबतींत दोन्ही रूपे सारखीच आहेत.

पहिली पायरी: खेळ सुरू होण्याआधी बोलून घ्या

मोहिमेच्या आधी सगळ्यांनी एकत्र बसून अपेक्षा ठरवण्याच्या बैठकीला ‘सेशन झिरो’ म्हणतात. या बैठकीत मृत्यूचा विषय डीएमने स्वतःहून काढावा. ‘या खेळात पात्रे मरू शकतात, चालेल ना?’ एवढे विचारणे पुरेसे नाही, कारण त्यावर सगळेच मान डोलावतात. प्रश्न अधिक टोकदार हवेत. एखाद्या किरकोळ चकमकीत, केवळ फासा वाईट पडला म्हणून, आठ महिने जपलेले पात्र गेले तर सहन होईल का? की मृत्यू फक्त मोठ्या, कथेला वळण देणाऱ्या लढाईतच यावा? मेलेल्याला जिवंत करणारे मंत्र या जगात देवळोदेवळी मिळतील, की त्यांच्यासाठी वणवण करावी लागेल? खेळाडूच्या संमतीशिवाय पात्र मरूच नये, असे कोणाला वाटते का? शेवटच्या प्रश्नाला होकार देणारे गटही मी पाहिले आहेत, आणि तसे ठरवून खेळणाऱ्यांचा खेळ रंगतदारच होतो. बिनसते ते चार जणांच्या मनात चार निराळे खेळ असतात तेव्हा.

तुम्ही कोणता खेळ निवडता, यावरही बरेच अवलंबून आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये आणलेल्या मूळ डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये हिट पॉइंट, म्हणजे पात्राची तग धरण्याची शक्ती मोजणारे गुण, संपले की पात्र संपले, इतका सरळ हिशेब होता. १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये तर पात्र तयार करतानाच, त्याची नोकरीतली वर्षे फाशांनी ठरवत असताना, ते मरू शकत असे. ‘कॉल ऑफ कथुलू’ या १९८१ च्या खेळात पात्रे साधी माणसे असतात आणि वेड लागणे किंवा जीव जाणे हा त्यांच्या शोधाचा स्वाभाविक शेवट मानला जातो. १९८४ च्या ‘पॅरानॉया’मध्ये प्रत्येक खेळाडूला एकाच पात्राच्या सहा प्रती मिळतात आणि एक मेली की दुसरी हजर होते, १९८५ च्या ‘पेंड्रॅगन’मध्ये सरदार मेल्यावर खेळाडू त्याचा वारस चालवू लागतो आणि मोहीम पिढ्यान्‌पिढ्या चालते. तुमच्या गटातल्या एकाने आधी यांपैकी एखादा खेळ खेळला असेल आणि दुसरा केवळ व्हिडिओ पाहून आला असेल, तर ‘पात्र मेले’ या दोन शब्दांचा अर्थ दोघांसाठी अगदी वेगळा असतो.

याच बैठकीत आणखी एक गोष्ट हळुवारपणे विचारावी. टेबलावर बसलेल्या कोणाच्या घरात अलीकडेच मृत्यू झालेला असू शकतो. आजारपण, बुडणे, लहान मुलांचा मृत्यू, आत्महत्या यांपैकी काय खेळात अजिबात नको, आणि काय घडले तरी चालेल पण वर्णन नको, याची यादी करून ठेवावी. अनेक गट टेबलाच्या मध्यभागी ‘एक्स’ अक्षर लिहिलेले कार्ड ठेवतात. कोणी त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच गुंडाळायचा आणि कारण विचारायचे नाही. ही पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण दुःखात असलेल्या माणसाला चारचौघांत स्पष्टीकरण देत बसावे लागत नाही.

दुसरी पायरी: शून्यावर आल्यावर काय होते, ते सगळ्यांना माहीत असू द्या

नियम डीएमलाच ठाऊक असले की मृत्यू अन्यायाचा वाटतो. म्हणून पहिल्या लढाईआधी पुढील गोष्टी मोठ्याने वाचून दाखवाव्यात.

पात्राचे हिट पॉइंट शून्यावर आले की ते बेशुद्ध पडते, मरत नाही. त्यानंतर आपल्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो. दहा किंवा अधिक पडले तर एक यश, नऊ किंवा कमी पडले तर एक अपयश. तीन यशे झाली की पात्र स्थिर होते, म्हणजे बेशुद्धच राहते पण मरणाचे फासे थांबतात, तीन अपयशे झाली की मरते, आणि ही यशे-अपयशे लागोपाठ असावी लागत नाहीत. एक पडला तर दोन अपयशे मोजतात. वीस पडला तर पात्र एका हिट पॉइंटसह शुद्धीवर येते. कोणीही मदत केली नाही आणि कोणी पुन्हा वार केला नाही, तर या फाशांच्या भरवशावर जगण्याची शक्यता शंभरात सुमारे साठ भरते. नवख्यांना हा आकडा जरूर सांगावा, कारण ‘अजून तीन पाळ्या आहेत’ या समजुतीवर पडलेल्या सोबत्याकडे दुर्लक्ष करणे महागात पडते.

त्याहून महागात पडतात दोन नियम, जे बहुतेकांना ऐन वेळी कळतात. पहिला: बेशुद्ध पात्राला कोणतीही इजा झाली की एक अपयश, आणि पाच फुटांच्या आतून लागलेला वार हा आपोआप निर्णायक वार ठरत असल्यामुळे त्याची दोन अपयशे. दुसरा: एका घावात शून्यावर आल्यानंतरही उरलेली इजा पात्राच्या कमाल हिट पॉइंटांइतकी किंवा अधिक असेल, तर फाशांची संधीच मिळत नाही. पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अनुभवाच्या पहिल्या पायरीवरच्या, जादूगाराचे कमाल सात हिट पॉइंट असतील आणि ओग्र नावाच्या धिप्पाड राक्षसाच्या सोट्याने त्याला चौदाची इजा केली, तर तो जागीच मेला. पहिल्या दोन लेव्हलांवर हा नियम भयंकर असतो, आणि म्हणूनच नवख्या गटासमोर पहिल्याच दिवशी ओग्र उभा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचवण्याचे उपायही त्याच बैठकीत सांगावेत. ‘हीलिंग वर्ड’ हा पहिल्या लेव्हलचा मंत्र साठ फुटांवरून चालतो आणि त्याला फक्त बोनस ॲक्शन, म्हणजे पाळीतल्या मुख्य कृतीव्यतिरिक्तची छोटी कृती, लागते. ‘स्पेअर द डाइंग’ या मंत्राने पडलेले पात्र स्थिर होते. मंत्र येत नसतील तर पाच सोन्याच्या नाण्यांना मिळणारी उपचारांची पेटी दहा वेळा वापरता येते आणि तिच्यासाठी फासाही टाकावा लागत नाही. ही पेटी प्रत्येक गटात किमान एकाच्या पाठीवर असलीच पाहिजे.

तिसरी पायरी: तो क्षण

धोका मोठा असेल तर निर्णयाआधीच डीएमने स्पष्ट बोलावे: ‘ही उडी चुकली तर पात्र जगणार नाही. तरी मारायची आहे का?’ दरी किती खोल आहे हे पात्राला दिसते, पण खेळाडूला दिसत नाही. डीएमच्या वर्णनात ते निसटलेले असू शकते. हा प्रश्न विचारल्याने थरार कमी होत नाही. उलट खेळाडूने होकार दिला की पुढे जे घडते ते त्याने स्वतः पत्करलेले असते.

पात्र शून्यावर गेल्यावरचे फासे सगळ्यांसमोर टाकावेत. पडद्याआड फासा टाकून, पात्र वाचावे म्हणून आकडा गुपचूप बदलण्याचा मोह प्रत्येक डीएमला होतो. मी तो टाळते, कारण एकदा खेळाडूंना संशय आला की त्यानंतरचा प्रत्येक विजय त्यांना दान म्हणून मिळाल्यासारखा वाटतो. दया दाखवायची असेल तर ती शत्रूंच्या वागण्यातून दाखवावी. लुटारूंना प्रेतापेक्षा कैदी अधिक किमतीचा वाटतो, लांडगा जखमी झाल्यावर पळतो, आणि सैनिक पडलेल्यावर वार करण्याऐवजी अजून उभ्या असलेल्याकडे वळतो. मात्र नियम चुकीचा लावला गेला असेल, तर ती चूक तिथल्या तिथे उघडपणे मान्य करून दुरुस्त करावी. त्यात कमीपणा काही नाही.

मृत्यू पक्का झाला की थांबावे. पाळ्या पुकारणे बंद करावे आणि खेळाडूकडे पाहून विचारावे की शेवटचे दृश्य तुला कसे हवे आहे: पात्र काही बोलते का, कोणाकडे पाहते, हातातून काय निसटते. काही जण दोन वाक्यांत उत्तर देतात, काही जण मान हलवून नकार देतात, आणि दोन्ही ठीक आहे. लढाई अजून चालू असेल तर ती संपवून, नसेल तर लगेच, दहा मिनिटांची सुट्टी घ्यावी. चहा टाकावा. त्या दहा मिनिटांत डीएमने त्या खेळाडूशी बाजूला जाऊन बोलावे, आणि सल्ला न देता फक्त एवढेच विचारावे की हे पात्र परत हवे आहे की नवे करावेसे वाटते. डोळ्यांत पाणी आले तर ‘अरे, खेळच आहे’ असे कोणीही म्हणू नये. वर्षभर दर आठवड्याला ज्या पात्राच्या तोंडून आपण बोललो, ते गेल्याचे वाईट वाटणे अगदी रास्त आहे.

चौथी पायरी: परत आणायचे की नाही

पाचव्या आवृत्तीत मृत्यू उलटवता येतो, पण त्याला मुदत आणि किंमत असते. ‘रिव्हिव्हिफाय’ हा तिसऱ्या लेव्हलचा मंत्र मृत्यूनंतर एका मिनिटाच्या आत, म्हणजे लढाईच्या दहा फेऱ्यांत, करावा लागतो आणि त्यात ३०० सोन्याच्या नाण्यांचे हिरे खर्ची पडतात. ‘रेझ डेड’ पाचव्या लेव्हलचा आहे. त्याला ५०० नाण्यांचा हिरा आणि एक तास लागतो, आणि मृत्यूला दहा दिवसांहून अधिक काळ उलटलेला चालत नाही. दहा दिवस म्हटल्यावर मराठी माणसाला दहाव्याची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. हा केवळ योगायोग असला, तरी मुदत लक्षात ठेवायला त्याची मदत होते. ‘रेझ डेड’ने परत आलेल्या पात्राला वीस बाजूंच्या फाशावर चारची घट सोसावी लागते आणि प्रत्येक पूर्ण विश्रांतीनंतर ती एकाने कमी होते. त्यापुढचे ‘रिझरेक्शन’ शंभर वर्षांपर्यंतच्या मृताला परत आणते, पण तो सातव्या लेव्हलचा मंत्र आहे.

मंत्राची लेव्हल आणि पात्राची लेव्हल वेगवेगळी मोजतात: क्लेरिकला, म्हणजे देवाच्या कृपेने मंत्र वापरणाऱ्या पात्राला, ‘रिव्हिव्हिफाय’ स्वतःच्या पाचव्या लेव्हलला आणि ‘रेझ डेड’ नवव्या लेव्हलला मिळतो. याचा अर्थ पहिल्या चार लेव्हलांवर गटाकडे स्वतःचा इलाज नसतो, आणि पाचव्यावर मंत्र असूनही हिरे नसतील तर तो निरुपयोगी असतो. पाचवी लेव्हल गाठली की गटाने आधी ३०० नाण्यांचे हिरे घ्यावेत, आणि डीएमनेही खजिन्यात अधूनमधून हिरे ठेवावेत.

एक नियम नवखे हमखास विसरतात: या मंत्रांसाठी मृताचा आत्मा परत यायला तयार असावा लागतो. तो आत्मा म्हणजे खेळाडू. सोबत्यांनी वर्गणी काढून हिरा आणला, तरी ज्याचे पात्र त्याला कथा इथेच संपवायची असेल, तर त्याच्यावर भीड घालू नये.

पाचवी पायरी: त्या दिवशी रिकामे बसवू नका

बैठकीचा तास-दीड तास शिल्लक असताना पात्र मेले, तर खेळाडूच्या हातात पंधरा मिनिटांत काहीतरी आले पाहिजे. गटासोबतचा वाटाड्या, हमाल, भाडोत्री धनुर्धर चालवायला द्यावा. पुढच्या लढाईतले शत्रू त्याच्याकडे सोपवणे हा माझा सर्वांत आवडता उपाय आहे, कारण डीएमचा भार हलका होतो आणि स्वतः मार खाल्लेला खेळाडू ते काम मन लावून करतो.

सहावी पायरी: नवे पात्र तयार करताना

खरे तर एक राखीव पात्र प्रत्येकाने तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत तयार ठेवावे. पूर्ण कागद भरला नाही तरी चालेल. वंश, वर्ग, नाव आणि दोन ओळींची पूर्वकथा पुरे.

लेव्हल कोणती द्यायची, यावर पूर्वी वाद होत असत, आणि अनेक टेबलांवर नवे पात्र पहिल्या लेव्हलपासून सुरू करावे लागे. पाचव्या आवृत्तीत ते करू नये. सहाव्या लेव्हलच्या सोबत्यांत पहिल्या लेव्हलचे पात्र म्हणजे पुढच्या स्फोटात जळणारे पात्र, आणि एकदा शोक सोसलेल्या माणसाला पुन्हा तोच अनुभव द्यायचा, असा त्याचा अर्थ होतो. गटाची जी लेव्हल असेल तीच द्यावी. शिक्षा म्हणून एक लेव्हल कमी करण्याची पद्धतही मला पटत नाही.

सामानाचा प्रश्न जरा अवघड आहे. मेलेल्याची जादूची तलवार गटाकडे राहिली आणि नव्यानेही आपली एक आणली, तर दोन-तीन मृत्यूंनंतर गट शस्त्रागार होतो. माझा तोडगा असा: नवे पात्र आपल्या वर्गाच्या साध्या सामानासह येते, आणि मृताच्या जादूच्या वस्तूंपैकी एक त्याला मिळेल, उरलेल्या मृताच्या घरी किंवा चितेवर जातील, हे सगळे मिळून ठरवतात. ही वाटणी खेळातलाच एक प्रसंग म्हणून खेळावी. अनेकदा तो संपूर्ण मोहिमेतला सर्वांत हृद्य प्रसंग ठरतो.

मेलेला क्लेरिक होता म्हणून नव्यानेही क्लेरिकच व्हावे, असा आग्रह सोबत्यांनी धरू नये. उपचारांची उणीव औषधी पेये, भाडोत्री वैद्य किंवा डीएमने लढाया थोड्या सौम्य करणे यांनी भरून काढता येते. त्याचप्रमाणे मेलेल्याचा जुळा भाऊ, तेच गुण आणि तोच स्वभाव घेऊन, पुढच्या दारातून आत येऊ नये. तसे झाले की आधीचा मृत्यू पुसला जातो आणि त्याचे मोल कोणालाच वाटत नाही. धाकटी बहीण, शिष्य, ज्याला मृताने फसवले होते असा सावकार: नाते असावे, प्रत नसावी.

सातवी पायरी: प्रवेश

नवे पात्र पुढच्या बैठकीच्या पहिल्या अर्ध्या तासात टेबलावर आले पाहिजे. ‘गावात परत गेलात की भेटेल’ असे म्हणून खेळाडूला दोन आठवडे ताटकळत ठेवणे वाईट. भुयाराच्या तळाशी असलात तरी मार्ग निघतो: शेजारच्या कोठडीतला कैदी, त्याच खजिन्यामागे आलेल्या दुसऱ्या टोळीतला एकमेव वाचलेला, गटाला काम देणाऱ्याने मागावर पाठवलेला माणूस, किंवा खेळाडूंना आधीपासून माहीत असलेले एखादे दुय्यम पात्र. शेवटचा मार्ग सर्वांत सोपा, कारण ओळख करून देण्यातच बैठक संपत नाही.

नव्या पात्राच्या खेळाडूने तीन उत्तरे तयार ठेवावीत: मी इथे का आहे, मी याच लोकांबरोबर का जाईन, आणि यांना नसलेली कोणती माहिती माझ्याकडे आहे. तिसरे उत्तर डीएमने द्यावे. गुप्त दार, शत्रूचे खरे नाव, पुलापलीकडचा पहारा असे काही ठाऊक असलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांतच हवाहवासा होतो. बाकीच्यांनीही आपला वाटा उचलावा. अनोळखी माणसावर संशय घेणे पात्राला शोभत असेल, पण तासभर उलटतपासणी चालली तर खुर्चीवर बसलेल्या मित्रालाच आपण नको आहोत असे वाटू लागते. दोन प्रश्न विचारावेत, एक अट घालावी, आणि पुढे निघावे.

गेलेल्या पात्राचे धागे

प्रवेशाच्या गडबडीत गेलेल्याला विसरू नये. अंत्यविधीचे दृश्य दहा मिनिटांत होते. प्रत्येकाने एक वाक्य बोलावे किंवा एक वस्तू ठेवावी. पण त्याहून टिकणारा परिणाम नंतरच्या उल्लेखांचा होतो. मृताच्या पूर्वकथेतून डीएमने दोन धागे उचलावेत, एखादे न फेडलेले कर्ज, एखादी वाट पाहणारी आई, आणि तीन-चार बैठकींनंतर ते गटापुढे आणावेत. माझ्या मैत्रिणीच्या पॅलाडिनच्या बाबतीत मला हे उशिरा सुचले. दीड महिन्याने गट पुन्हा त्या पुलावर आला, तेव्हा गावकरी जकात न घेता म्हणाले की इथे आमच्यासाठी एक बाई उभी राहिली होती. मैत्रीण तेव्हा वेगळेच पात्र चालवत होती. ‘तिचे नाव काय होते?’ असे तिच्या नव्या पात्राने विचारले, आणि टेबलावरच्या इतर तिघांनी ते एकदमच सांगितले.

सगळेच मेले तर

क्वचित संपूर्ण गट एकाच लढाईत संपतो. तेव्हा डीएमने लगेच काहीही ठरवू नये आणि ‘ते सगळे स्वप्न होते’ ही पळवाट तर कधीच घेऊ नये. पर्याय तीन आहेत: सगळे कैदेत जागे होतात आणि त्याची मोठी किंमत मोजतात, काही वर्षांनंतर, शत्रू जिंकलेल्या जगात, नवा गट उभा राहतो, किंवा मोहीम इथेच संपते. तिसराही सन्मानाचा आहे. कोणता निवडायचा हे त्या रात्री थकलेल्या मनाने ठरवू नये, दोन दिवसांनी सगळ्यांशी बोलून ठरवावे; मात्र पुढच्या भेटीचा वार आणि वेळ टेबलावरून उठण्याआधीच पक्की करावी.